आरेखक आणि अनुरेखक : उच्च माध्यमिक स्तरावरील तांत्रिक रेखांकनाच्या अभ्यासाची चिकित्सा

१

तांत्रिक रेखांकनाच्या पाठ्यपुस्तकांत आरंभीच एक विधान बहुधा आढळते : रेखांकन ही अभियंत्याची भाषा होय. हे विधान इतके रूढ झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पहिल्या पृष्ठावर त्याचा उच्चार होतो आणि दुसऱ्या पृष्ठापासून पेन्सिलींचे प्रकार, कागदाची मापे, गुण्ये व कंपास यांची माहिती सुरू होते. भाषेचा उल्लेख पुन्हा होत नाही.

हे विधान केवळ शोभेसाठी केलेले असेल तर त्याविषयी काही बोलण्याचे कारण नाही. परंतु ते खरे मानावयाचे असेल, तर त्यातून अध्यापनाविषयी काही निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतात. जो विषय भाषा आहे तो भाषेप्रमाणे शिकवला गेला पाहिजे. भाषेच्या अध्यापनात लेखनाइतकेच वाचनाला महत्त्व असते. किंबहुना ज्याला वाचता येत नाही त्याचे लेखन म्हणजे पुस्ती गिरवणे होय. पुस्ती कितीही सुबक असली तरी तिच्यावरून गिरवणाऱ्याला मजकूर समजला आहे असे ठरत नाही.

महाराष्ट्रातील शासकीय पदनामांत आरेखक आणि अनुरेखक असे दोन शब्द रूढ आहेत. धातू एक आणि उपसर्ग दोन. परंतु त्या उपसर्गांनी कामाची सर्व विभागणी करून ठेवली आहे. आरेखक आकृती सिद्ध करतो. अनुरेखक सिद्ध झालेल्या आकृतीवर पारदर्शक कागद ठेवून तिच्या रेषा पुन्हा काढतो. 'अनु' या उपसर्गाचा अर्थच मागोमाग जाणे असा आहे. अनुरेखकाचे काम हलके नव्हते. त्याला हाताचे मोठे कौशल्य लागे. पण आकृतीचा अर्थ समजणे ही त्या कामाची अट नव्हती. उच्च माध्यमिक स्तरावर तांत्रिक रेखांकनाचा जो अभ्यास होतो, तो या दोहोंपैकी कोणाला घडवतो, हा प्रस्तुत चिकित्सेचा प्रश्न आहे.

२

प्रथम रेखांकन ही खरोखर भाषा आहे काय, हे पाहावे लागेल. सामान्य समजूत अशी की आकृती ही वस्तूचे चित्र असते, आणि चित्र समजण्यास शिकावे लागत नाही. तांत्रिक आकृतीच्या बाबतीत ही समजूत फार लवकर कोलमडते.

तांत्रिक आकृतीत रेषांचे निश्चित प्रकार असतात. जाड अखंड रेषा दिसणारी कड दाखवते, तुटक रेषा झाकलेली कड दाखवते, आणि एक रेघ व एक टिंब अशा क्रमाने काढलेली बारीक रेषा अक्ष दाखवते. हे अर्थ रेषेच्या रूपातून निघत नाहीत. झाकलेली कड प्रत्यक्षात तुटक नसते आणि अक्ष तर वस्तूवर कोठेच नसतो. सोस्यूरने भाषिक चिन्हाच्या ज्या यादृच्छिकतेचे विवेचन केले, तीच येथे आढळते. एका रेषेचा अर्थ ती दुसऱ्या रेषेहून वेगळी आहे यावरच अवलंबून असतो. जाड आणि बारीक यांतील भेद पुसट झाला की आकृती सुंदर राहूनही निरर्थक होते.

आट्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बोल्टवरील आटे ही एक सर्पिल कड असते. ती जशी दिसते तशी काढणे फार कष्टाचे आहे, म्हणून संकेताने आट्यांचे शिखर जाड रेषेने आणि तळ बारीक रेषेने दाखवतात. टोकाकडून पाहिलेल्या दृश्यात हा तळ बारीक रेषेच्या सुमारे पाऊण वर्तुळाने दर्शवला जातो. बोल्टवर असे पाऊण वर्तुळ कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही. ज्या विद्यार्थ्याला 'दिसते तसे काढ' असे सांगितले आहे तो येथे चुकतो. ज्याला संकेत ठाऊक आहे तोच बरोबर ठरतो. छेदाच्या आकृतीतही हेच घडते. कापलेला भाग तिरप्या बारीक रेघांनी भरावा असा नियम आहे. परंतु छेदप्रतल बोल्ट, दंड किंवा कॉटर यांतून लांबीच्या दिशेने गेले तरी ते भाग कापलेले दाखवत नाहीत. नियमाला अपवाद असणे आणि त्या अपवादालाही कारण असणे, ही व्याकरणाची ओळखीची खूण आहे. घन दंड कापून दाखवल्याने वाचकाला नवीन काही कळत नाही, म्हणून तो अखंड ठेवतात.

अक्षरेषा, मापरेषा आणि बाण यांचे स्थान आणखी निराळे आहे. पाणिनीच्या सूत्रांतील अनुबंध शब्दाच्या सिद्ध रूपात उरत नाहीत. ते केवळ प्रक्रियेची सूचना देतात. त्याचप्रमाणे या रेषा वस्तूचा भाग नसतात. वस्तू कशी वाचावी हे त्या सांगतात.

यावरून तांत्रिक रेखांकनाला संकेतव्यवस्था आहे, एवढे निश्चित म्हणता येते. तथापि तिला भाषेची सर्व लक्षणे लागू पडत नाहीत. तिच्यात नकार नाही, काळ नाही, विध्यर्थ नाही. 'हा भाग जोडण्यापूर्वी तेल लावू नये' एवढे साधे वाक्य कोणत्याही रेषेने सांगता येत नाही; त्यासाठी आकृतीच्या कडेला शब्दांत टीप लिहावी लागते. म्हणून रेखांकनाला स्वतंत्र भाषा म्हणण्यापेक्षा, शब्दांच्या सोबतीने चालणारी एक लिपी म्हणणे अधिक युक्त होईल. हा भेद केवळ तात्त्विक नाही. रेखांकन ही लिपी असेल, तर ती कोणत्या भाषेसोबत शिकवली जाते हा प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार पुढे येईल.

३

या लिपीचा शास्त्रीय पाया गास्पार मोंज (१७४६–१८१८) या फ्रेंच गणितज्ञाने घातला. मेझियेरच्या लष्करी विद्यालयात असताना तटबंदीच्या रचनेचा एक प्रश्न त्याने दीर्घ आकडेमोडीऐवजी भूमितीच्या साहाय्याने सोडवला. या पद्धतीचे लष्करी महत्त्व इतके होते की ती काही काळ गुप्त ठेवण्यात आली. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९५ मध्ये, पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये मोंजने तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली आणि वर्णनात्मक भूमिती या नावाने ती प्रसिद्ध झाली.

मोंजने या शास्त्राची दोन प्रयोजने सांगितली आहेत. लांबी, रुंदी व उंची असलेली वस्तू दोनच परिमाणांच्या कागदावर अचूकपणे दाखवणे हे पहिले. आणि अशा आकृतीवरून वस्तूचे रूप व तिच्या भागांचे परस्परसंबंध शोधून काढणे हे दुसरे. पहिले प्रयोजन लेखनाचे आहे, दुसरे वाचनाचे आणि विचाराचे. मोंजच्या योजनेत दोन्ही समान पातळीवर होती. शालेय अभ्यासक्रमापर्यंत पोहोचताना पहिले सुखरूप आले. दुसऱ्याची मात्र वाटेत फार झीज झाली.

वाचनाचे महत्त्व एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या वस्तूचे पुढून दिसणारे दृश्य चौरस आहे आणि वरून दिसणारे दृश्यही चौरस आहे. ही वस्तू कोणती? बहुतेक विद्यार्थी 'घन' असे उत्तर देतील. परंतु घन कर्णावर तिरपा कापून केलेली पाचरही या दोन्ही दृश्यांत चौरसच दिसते, आणि योग्य तऱ्हेने ठेवलेली पाव दंडगोलाकृतीही तशीच दिसते. बाजूचे दृश्य हाती आल्याशिवाय निर्णय होत नाही : ते चौरस असेल तर घन, त्रिकोण असेल तर पाचर, पाव वर्तुळ असेल तर दंडगोलाचा तुकडा. भाषेतील अनेकार्थी शब्दाचा अर्थ जसा वाक्यातील इतर शब्दांवरून ठरतो, तसाच एका दृश्याचा अर्थ इतर दृश्यांवरून ठरतो. एकेका दृश्याला स्वतःचा पूर्ण अर्थ नसतो, ही गोष्ट ज्या विद्यार्थ्याला उमगली तो आकृती वाचू लागला असे म्हणता येईल.

दृश्यांची मांडणीही संकेतानेच ठरते. प्रथम कोन पद्धतीत वरून दिसणारे दृश्य पुढच्या दृश्याच्या खाली काढतात. तृतीय कोन पद्धतीत ते वर काढतात. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसपी ४६ या मार्गदर्शिकेत प्रथम कोन पद्धतीचा पुरस्कार आहे. अमेरिकेत तृतीय कोन पद्धती रूढ आहे. त्यामुळे एकच कागद दोन देशांत दोन प्रकारे वाचला जाण्याचा संभव असतो, आणि हा संभव टाळण्यासाठी आकृतीच्या कोपऱ्यात छिन्न शंकूचे छोटे चिन्ह काढतात. विद्यार्थी हे चिन्ह गुणांसाठी नियमाने काढतो. ते चिन्ह म्हणजे वाचकाला दिलेली सूचना आहे, आणि ते नसेल तर कारखान्यात एखादे छिद्र भलत्याच बाजूला पाडले जाईल, हे त्याला क्वचितच सांगितले जाते.

४

या कसोटीवर प्रचलित अभ्यासक्रम तपासता येईल. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या स्तरावर अभियांत्रिकी रेखांकन हा स्वतंत्र विषय आहे. त्याचा क्रमांक ०४६. लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण अशी विभागणी आहे. अकरावीत भौमितिक रचना, वक्र, लंब प्रक्षेप, घनाकृतींचे छेद व आयसोमेट्रिक आकृत्या येतात. बारावीत यंत्रभागांची रेखाटने आणि जोडणीच्या आकृत्या येतात : बेअरिंग, कॉटरचे सांधे, टर्नबकल, नळांचे सांधे, दंड जोडणारी कपलिंगे, पुली.

या अभ्यासक्रमाचे गुण मान्य केले पाहिजेत. त्यात क्रम आहे. साध्या आकृतीकडून जटिल आकृतीकडे तो पायरीपायरीने जातो, आणि मानकांचे पालन करण्याची शिस्त लावतो. वाचनाला त्यात मुळीच स्थान नाही, असेही म्हणता येणार नाही. जोडणीची आकृती देऊन तिच्यातील सुटे भाग वेगळे काढण्यास सांगणे हा खऱ्या अर्थाने वाचनाचा प्रश्न आहे : तेथे विद्यार्थ्याला एका भागाची कड कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे ओळखावे लागते.

परंतु दोष नेमका येथेच शिरतो. वाचावयाच्या वस्तूंची यादी ठरलेली व मर्यादित आहे. कॉटरचे सांधे ठरावीक, कपलिंगे ठरावीक, बेअरिंगे ठरावीक. वर्षभरात ती सर्व वहीत काढून झालेली असतात. परीक्षेत तीच पुन्हा समोर येतात. मापे तेवढी बदलतात. अशा वेळी जे वाचनासारखे दिसते ते वस्तुतः स्मरण असते. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पठित उताऱ्याबरोबर अपठित उताराही असतो. विद्यार्थ्याने तो पूर्वी पाहिलेला नाही, याच कारणासाठी त्याला मोल आहे. पठित उताऱ्याचे उत्तर पाठांतराने देता येते. अपठिताचे उत्तर भाषा आल्याशिवाय देता येत नाही. तांत्रिक रेखांकनाच्या परीक्षेत अपठित आकृतीला असे मानाचे स्थान नाही, ही या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी उणीव होय.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कॉटरचा सांधा हा वाफेच्या यंत्रांच्या युगाने सर्वपरिचित केलेला सांधा आहे. तो शिकवू नये असे नाही. जुन्या वाङ्मयावाचून भाषेचा अभ्यास अपुरा राहतो, तसेच हे आहे. परंतु विद्यार्थ्याच्या हाती रोज असलेल्या वस्तूंना, म्हणजे सायकलची कडी, नळाची तोटी, दाराची बिजागरी, डब्याचे झाकण यांना, अभ्यासात प्रवेश नसावा, हे समर्थनीय नाही. स्वतः मोजलेल्या बिजागरीची आकृती काढणारा विद्यार्थी कोणते माप द्यावे, कोणते गाळावे, कोठे छेद घ्यावा, याचे निर्णय स्वतः करतो. पुस्तकातील कपलिंग उतरवणाऱ्यासाठी ते सारे निर्णय दुसऱ्याने आधीच केलेले असतात. आरेखक आणि अनुरेखक यांतील अंतर ते हेच.

५

तांत्रिक रेखांकनाचा शेजारी विषय म्हणजे दृश्य-संकल्पन, ज्याला व्यवहारात ग्राफिक डिझाइन म्हणतात. या दोन विषयांत पडलेली दरी प्रथम नावांच्या गोंधळातच दिसते. केंद्रीय मंडळाच्या विषयांच्या यादीत 'ग्राफिक्स' हा शब्द अभियांत्रिकीच्या विषयात रेखांकन या अर्थाने येतो, ललित कलांच्या गटात मुद्राचित्रण या अर्थाने येतो, आणि 'ग्राफिक डिझाइन' या जोडशब्दात तो तिसराच अर्थ धारण करतो. वास्तविक या सर्वांच्या मुळाशी असलेल्या ग्रीक धातूचा अर्थ कोरणे, लिहिणे, चितारणे असा सर्वसंग्राहक आहे. संस्कृतातही हीच स्थिती आहे. लिख् म्हणजे ओरखडणे, लिहिणे आणि चितारणेही. आलेख्य म्हणजे चित्र. आणि रेखा व लेखा ही र-ल भेदाने वेगळी झालेली एकाच शब्दाची दोन रूपे. मराठीत सुंदर अक्षराला 'रेखीव' म्हणतात, तेव्हा हे जुने ऐक्य नकळत व्यक्त होते. भाषेने जे एकत्र ठेवले होते ते अभ्यासक्रमाने वेगळे केले.

वेगळे करण्याला आधार नाही असे नाही. तांत्रिक आकृतीला एकच अर्थ हवा असतो. दुसऱ्या अर्थाची शक्यता हा तिचा दोष ठरतो. भित्तिपत्रक, पुस्तकाचे वेष्टन किंवा बोधचिन्ह यांना मात्र अर्थाबरोबर सूचनाही हवी असते. तरीही दोहोंची मुख्य कसोटी एकच आहे : वाचणाऱ्याला ते वाचता आले काय? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अकरावी व बारावीसाठी ग्राफिक डिझाइनची पाठ्यपुस्तके सिद्ध केली, आणि त्यांत संकल्पनाचा समाजाशी असलेला संबंध व देशी परंपरा यांना स्थान दिले, ही स्तुत्य गोष्ट होय. परंतु हे विवेचन वाचणारा विद्यार्थी आणि प्रक्षेप काढणारा विद्यार्थी बहुधा एकमेकांना भेटत नाहीत. पहिल्याला मापाची शिस्त मिळत नाही. दुसऱ्याला वाचकाची जाणीव होत नाही.

ही भेट किती फलदायी ठरते याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हे होय. हॅरी बेक हा त्या रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेला अभियांत्रिकी आरेखक होता. त्याने १९३१ मध्ये नकाशाची नवी मांडणी केली आणि १९३३ मध्ये ती प्रवाशांच्या हाती आली. त्याने सर्व मार्ग आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषांत बसवले आणि स्थानकांमधील खरी अंतरे सोडून दिली. विद्युत्मंडलाच्या आकृतीत तारेची खरी लांबी दाखवत नाहीत. कोणते टोक कोणाला जोडले आहे एवढेच दाखवतात. प्रवाशालाही तेवढेच हवे असते. काय गाळावे हे बेकला समजले. ही समज आरेखकाची आहे. अनुरेखकाला गाळण्याचा अधिकार नसतो.

महाराष्ट्रात या दोन विषयांना एकत्र आणणारी एक परंपरा आधीच अस्तित्वात आहे, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. शासकीय रेखाकला परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत भूमिती आणि अक्षरलेखन यांची जोडी दीर्घकाळ चालत आली आहे. विद्यार्थी एकाच बैठकीत बहुकोन रचतो आणि अक्षरेही रचतो. ही जोडी ज्यांनी प्रथम जुळवली त्यांना अक्षर हीसुद्धा एक रचना आहे, याची जाणीव असली पाहिजे. परंतु परीक्षेच्या तयारीत हे नाते लोपते. भूमितीचे प्रश्न एका पुस्तिकेतून, अक्षरांचे नमुने दुसऱ्या पुस्तिकेतून गिरवले जातात. या परीक्षांतील श्रेणीमुळे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. साहजिकच अनेक घरांत परीक्षेचे प्रयोजन तेथेच संपते.

देवनागरी अक्षराच्या बाबतीत ही हानी विशेष आहे. रोमन मोठी अक्षरे दोन समांतर रेषांत मावतात. म्हणून चौकोनांच्या जाळीवर ती सहज बसतात. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार यांचा एक पट्टा आणि अक्षराच्या खाली उकार व ऋकार यांचा दुसरा, असे तीन थर सांभाळावे लागतात. 'राष्ट्र' या एका शब्दात तीन व्यंजनांचा उभा संयोग येतो. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या जाळीत तो एकतर चिरडतो किंवा बाहेर पडतो. मुंबईच्या छापखान्यांनी हाच प्रश्न शिशाच्या खिळ्यांत सोडवला होता. अक्षर व मात्रा एकत्र ओतण्याची अखंड पद्धती आणि मात्रांना वेगळे खिळे देणारी डिग्री पद्धती, अशा दोन वाटा तेथे चोखाळल्या गेल्या. बापूराव नाईक यांच्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' (१९७१) या ग्रंथात देवनागरी मुद्रणाची सविस्तर चर्चा आहे. देवनागरीसाठी जाळी कशी आखावी, हा प्रश्न दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवला तर त्याला भूमिती, लिपी आणि वाचक या तिन्हींचा विचार एकाच वेळी करावा लागेल. तयार जाळी दिली की तिन्ही विचार संपतात.

रुपयाचे चिन्ह या संदर्भात आठवते. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे संकल्पन स्वीकारले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा त्यात मेळ आहे, आणि शिरोरेषा हे त्याचे ओळखचिन्ह आहे. दोन आडव्या रेषा, एक वळण, एक तिरपा पाय : शाळेच्या कंपासपेटीने काढता येईल अशी ही रचना आहे. हे चिन्ह विद्यार्थ्यांकडून काढून घेणे सोपे आहे. शिरोरेषा काढून टाकली तर ते कोणत्या लिपीचे वाटेल, पाय आखूड केला तर लहान आकारात ते वाचता येईल काय, असे प्रश्न विचारणे अवघड आहे. आणि अभ्यासाचे सार त्या प्रश्नांत आहे.

६

रेखांकन ही शब्दांसोबत चालणारी लिपी आहे, असे वर म्हटले. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे शब्द कोणते? रेखाकला परीक्षेत तो 'कर्तव्यभूमिती' शिकतो. शब्द सुरेख आहे. युक्लिडच्या परंपरेत सिद्ध करण्याची प्रमेये आणि रचून दाखवण्याची कृत्ये असा भेद आहे. कर्तव्यभूमिती म्हणजे दुसऱ्या प्रकारची, करून दाखवण्याची भूमिती. परंतु 'कर्तव्य' या शब्दाचा हा अर्थ आज कोणी सांगत नाही. विद्यार्थी तो धर्म किंवा जबाबदारी या रूढ अर्थाने ऐकतो, आणि भूमितीचे कर्तव्य पार पाडून मोकळा होतो.

पुढे तो तंत्रनिकेतनात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातो तेव्हा शब्द बदलतात. कर्मशाळेत प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन हे शब्द चालतात. गवंडी व घरमालक यांच्यात 'नकाशा' चालतो. परिभाषाकोशांत संस्कृत प्रतिशब्द असतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे कार्य केले, हे निर्विवाद आहे. पण परिभाषा कोशात असणे आणि वर्गात असणे यांत अंतर आहे. संज्ञा मराठी असावी की इंग्रजी, हा वाद येथे गौण होय. 'सेक्शन' म्हणा वा 'छेद' म्हणा. वस्तू एका प्रतलाने कापून अलीकडचा भाग बाजूला ठेवला आहे अशी कल्पना करावयाची, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत सांगता आले पाहिजे. आकृती शब्दांत सांगता येणे ही ती समजल्याची खूण आहे. एका विद्यार्थ्याने आकृती पाहून वर्णन करावे आणि दुसऱ्याने केवळ ते ऐकून वस्तूचे रेखाटन करावे, असा पाठ कोणत्याही वर्गात घेता येतो. त्याला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. प्रमाणित मराठीत 'अलीकडचा', 'पलीकडचा', 'आतून', 'काटकोनात', 'तिरपा' असे स्थानवाचक शब्द विपुल आहेत. ते तांत्रिक वर्गात वापरले जात नाहीत म्हणून निरुपयोगी वाटतात.

७

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षणीय नाही. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड ही आज्ञावली बाजारात आली. त्यानंतरच्या काळात रेखांकनाचे बहुतेक काम संगणकाकडे गेले. आता वस्तूची त्रिमित प्रतिकृती एकदा उभी केली की तिची हवी ती दृश्ये व हवे ते छेद यंत्र स्वतः काढून देते. मग हाताने प्रक्षेप काढण्याच्या पद्धतीची चर्चा कशासाठी? कंपास व गुण्ये बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना आज्ञावली शिकवावी, हे अधिक श्रेयस्कर नव्हे काय?

आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. यंत्राने जे काम घेतले ते अनुरेखकाचे होय. रेषा सरळ काढणे, जाडी राखणे, दुसरे दृश्य पहिल्याशी जुळवणे, प्रत काढणे ही कामे यंत्र चुकत नाही. जी कामे यंत्राने घेतली नाहीत ती अशी : कोणता छेद दाखवल्याने वाचकाला समजेल, कोणते माप कारागिराला लागेल, कोणती टीप लिहावी लागेल, आणि पडद्यावर दिसणारी आकृती बरोबर आहे की सुंदर चूक आहे. ज्या शाळेने केवळ अनुरेखक घडवला तिने विद्यार्थ्याला नेमके यंत्राच्या स्पर्धेत उभे केले. आणि जी शाळा कंपास काढून त्याच्या जागी आज्ञावलीची बटणे पाठ करवील, ती नव्या साधनाने जुनेच अनुरेखन शिकवील.

हाताने काढण्याचे मोल यामुळे संपत नाही. त्याचे कारण बदलते. प्रत सुबक व्हावी म्हणून हाताने काढण्याचे आता प्रयोजन नाही. रेषा ओढताना ती कोणती कड आहे याचा विचार करावा लागतो, आणि त्या सावकाश गतीत वाचन घडते, म्हणून ते आवश्यक आहे. अभ्यासक्रमात करावयाचे बदलही त्यामानाने लहान आहेत. प्रश्नपत्रिकेतील काही भाग अपठित आकृतीसाठी राखावा. दोन दृश्ये देऊन तिसरे मागावे, आणि एकाहून अधिक उत्तरे संभवत असतील तर ती सर्व मागावीत. वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली वस्तू मोजून तिची आकृती काढावी, आणि ती आकृती वस्तू न पाहिलेल्या सहाध्यायाने वाचावी. अक्षरलेखनात तयार जाळी न देता ती आखण्यास सांगावे.

यांपैकी शेवटून दुसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. शाळेतील आकृतीचा वाचक आज केवळ परीक्षक असतो, आणि परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. ज्याला अर्थ आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी केलेले लेखन हे भाषेचा व्यवहारच नव्हे. न कळणाऱ्याला कळावे म्हणून काढलेली पहिली आकृती जेव्हा विद्यार्थ्याच्या हातून उतरेल आणि समोरचा सहाध्यायी 'हे छिद्र आरपार आहे काय?' असे विचारील, तेव्हा तुटक रेषेचे प्रयोजन त्याला नियमाविना समजेल. रेखांकन ही अभियंत्याची भाषा होय, या पहिल्या पृष्ठावरील विधानाला त्या दिवसापासून अर्थ येईल.